भाऊसोंच्या घरचा टेनर

हे नादरूपा, तुला नमन असो. तुला आकार नाही, म्हणून तू कातड्यात राहतोस आणि पितळेतही राहतोस. तुला कूळ नाही, म्हणून जो फुंकर घालील त्याचा तू होतोस. कुणी तुला सगुण म्हणून आळवतो, कुणी तुला करुणा म्हणून वंदितो. दोघांच्याही श्वासात तू सारखाच वाहतोस. तो श्वास आज या वाणीला दे. कोल्हापुरातल्या सिद्धार्थनगरच्या भाऊसोंची कथा सांगायची आहे, आणि ती मान खाली घालून सांगण्याजोगी नाही.

भाऊसो टपाल खात्यात पोस्टमन. ब्याण्णव साली एका दुपारी ते रजिस्टर पत्र घेऊन अप्पांच्या दारी गेले. अप्पा म्हणजे लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले एक एकटे वृद्ध. आतून असा भरदार, खोल स्वर येत होता, की कुणी पोक्त माणूस मनातले बोलत आहे असे वाटावे. सूर संपेपर्यंत भाऊसोंनी दार वाजवले नाही.

“काय हाय हे?” पत्रावर सही घेताना त्यांनी विचारले.

“टेनर सॅक्सोफोन. फुंकून बघायचाय?”

त्या दिवसापासून नऊ वर्षे भाऊसोंचा रविवार अप्पांच्या घरी गेला. चौतिसाव्या वर्षी श्वास धरायला शिकले, ओठ सोलवटून घेतले, हळूहळू सुरात आले. पण वाद्य अप्पांचे, आणि वाजवायचेही अप्पांच्याच घरी. कारण भाऊसोंच्या उंबऱ्याआड एक आज्ञा बसली होती. तिचे नाव चिमणाबाई, भाऊसोंची आई.

कुरुंदवाडजवळच्या त्यांच्या गावी या घराण्याकडे हलगी होती. होती म्हणजे लादलेली होती. लग्न कुणाचे का असेना, मयत कुणाची का असेना, हुकूम आला की पुढे चालायचे आणि वाजवायचे. ताप असो, घरात बाळंतीण असो, चालायचे आणि वाजवायचे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर चिमणाबाईंच्या सासऱ्यांनी ती हलगी चावडीसमोर पायाखाली फोडली. गावाने काम बंद केले, वाट बंद केली. सतरा वर्षांची चिमणाबाई डोक्यावर बोचके घेऊन कोल्हापूरपर्यंत चालत आली. तेव्हापासून त्या घरात वाजणारी वस्तू आली नव्हती. नातीला, श्रुतीला, खुळखुळादेखील मिळाला नाही.

दोन हजार एक साली अप्पांचे वाद्य थकले. त्याच्या झडपा मिटेनात, सूर गळू लागला. अप्पा म्हणाले, “आता तुझा घे. तुझ्या नावाचा घे.” दोघे पुण्याला एका दुकानात गेले. नवाकोरा, लखलखता एक होता, स्वस्तही होता. अप्पांनी त्याची एक चावी अंगठ्याने दाबली आणि ती किंचित वाकली. “हा दिवाळीपर्यंत टिकंल,” ते म्हणाले. काचेच्या कपाटातला उस्तादांच्या योग्यतेचा होता, त्याकडे भाऊसोंनी नुसते पाहून घेतले. तिसरा मधल्या दर्जाचा, तैवानचा, वापरलेला. लकाकी उडालेली, बगलेत एक पोचा. अप्पांनी त्याच्या नळीत दोरीने छोटा दिवा सोडला, झडपा एकेक मिटवल्या. एका झडपेच्या चामडी गादीखालून उजेडाची रेघ दिसली, म्हणजे हवा तेवढ्याच जागी गळत होती; बाकी सगळीकडे अंधार. “एक गादी बदलून द्या, आमी ह्योच नेतो.” भाऊसोंनी खालचा षड्ज लावला, आणि दुकानातला गिऱ्हाइकांचा गलका थांबला.

घरी सॅक्सोफोनची पेटी टेकताच चिमणाबाई उठल्या.

“काय हाय त्यात?”

“वाजाप हाय, आई.”

“सासऱ्यानं फोडलं, त्ये तू इकत आणलंस?”

“त्येंनी फोडलं ते दुसऱ्याच्या हुकमाचं. ह्ये माझ्या हौसेचं हाय.”

“हौस,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी कुणी तुला म्होरं चाल म्हणाय यील, त्या दिवशी मी हितनं जाणार. अंजना, माझं बोचकं काढून ठेव.”

भाऊसोंच्या पत्नीने, अंजनाने, खरोखरच बोचके काढून माळ्याखाली ठेवले. सासूचा शब्द तिला ठाऊक होता. भाऊसो रोज टपाल वाटून आले की वाजवीत. चिमणाबाई तेवढा वेळ शेजारी जाऊन बसत.

बातमी गावाला पोचायला चार महिने लागले. मग ज्या थोरल्या घरून पूर्वी हलगीचा हुकूम यायचा, तिथले कारभारी जोतीराम सिद्धार्थनगरात आले. अंजनाने चहा दिला.

“बघ, च्या पितोय की,” जोतीराम म्हणाले. “आता आमी काय पाळत न्हाय.” आणि त्यांनी स्टुलावर सुपारी ठेवली. “मालकांच्या नातवाचं लगीन हाय. वरातीम्होरं तू. तुमच्या घराचा मानच हाय की त्यो, आज्यापातूर चालत आल्याला.”

“आज्यानंच मोडला की.”

“जुनं झालं त्ये. आन् फुकट न्हाय, पाकीट हाय.”

“अण्णा, लग्नाचं कार्ड कुठाय?”

“वाजवणाऱ्याला कार्ड देत्यात व्हय?”

“म्हणूनच इचारलं. कार्ड आणा, आहेर घिऊन येतो, पंगतीला बसतो.”

“लई माज आलाय लेका. वाजवायलाच आणलायस न्हवं?”

“व्हय. मला वाटंल तवा, मला वाटंल तितकं. शहरात बँड कंपन्या हायत, पोटासाठी घाम गाळत्यात, त्यास्नी सुपारी द्या. माझा त्यास्नी जयभीम. पण माझ्या जन्मावर सुपारी ठिवू नका.” भाऊसोंचा आवाज चढला नव्हता. “ऐकायचं आसंल तर रविवारी या. खुर्ची देतो.”

आतल्या दारात चिमणाबाई उभ्या होत्या. काखेत बोचके होते. त्यांनी ते खाली ठेवले, पुढे आल्या, स्टुलावरची सुपारी उचलली आणि जोतीरामांच्या तळहातावर ठेवली.

“तुमची ऱ्हायली व्हती,” त्या म्हणाल्या.

जोतीराम गेले. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचे पुटपुटणे ऐकू आले. चिमणाबाई खुर्चीत बसल्या. आजवर मुलगा वाजवताना त्या कधी समोर बसल्या नव्हत्या.

“काढ,” त्या म्हणाल्या. “दार उघडंच ऱ्हाऊ दे.”

भाऊसोंनी पट्टा गळ्यात घातला. पहिला सूर फाटला.

“पुन्यांदा,” आई म्हणाली. “म्होरं चालायचं न्हाय तुला आता. बसून वाजव, निवांत.”

त्यांनी बसून वाजवले, आणि त्या माउलीने ते शेवटपर्यंत ऐकले.

भाऊसोंच्या छातीत श्वास दीर्घ राहो. चिमणाबाईंचा ताठ कणा नातीच्या पाठीत उतरो. अंजनाच्या चुलीवर अन्न असो, त्या दारात पाहुणा बरोबरीने येवो आणि बरोबरीने बसो. त्या घराचे मंगल होवो, निरंतर मंगल होवो.