कुंभारांच्या गावातलं दूध

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र जपानला जाऊन आला आणि आमच्या घरातली शांतता संपली. हा मित्र मूळचा ठाण्याचा. तिकडे तो कुठल्याशा कुंभारांच्या गावात राहिला होता. परत आल्यावर स्लोटरडाइकच्या त्यांच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याने सगळ्यांना फोटो दाखवले: डोंगराच्या उतारावरच्या भट्ट्या, दारोदार मांडलेले वाडगे, हिरवट झिलईचे पेले. नवऱ्याच्या मनात मात्र एकच फोटो भरला. एका भट्टीसमोरच्या बाकावर काचेची बाटली होती, दुधाची. त्याच गावच्या गायींचं, त्याच सकाळचं दूध, तिथल्याच कुंभाराने घडवलेल्या पेल्यात ओतून प्यायचं म्हणे.

"अगं, तो म्हणतो, लाइफ चेंजिंग दूध होतं," नवरा घरी येऊन सांगू लागला. चाळिशीच्या माणसाचं आयुष्य बदलायला एक पेला दूध पुरत असेल, तर त्या आयुष्यात मुळात होतं काय, असं मी विचारलं. त्यावर तो बेडरूममध्ये जाऊन जपानच्या तिकिटांचे भाव बघत बसला.

आता हे सगळं कुठे चाललं होतं, तर नेदरलँड्समध्ये. ज्या देशात माणसांपेक्षा गायींना जास्त प्रशस्त जागा आहे असं वाटावं, त्या देशात. आमच्या नीउ-व्हेनेप गावाहून कुठल्याही दिशेला सायकल हाणली तरी थोड्या वेळात गाय दिसते. माझ्या ऑफिसातले सहा-सहा फुटी डच बाप्ये दुपारी चीज घातलेल्या कोरड्या पावाबरोबर थंडगार दुधाचा ग्लास घटाघटा पितात, लहान मुलांसारखे, आणि वरच्या ओठावर पांढरी रेघ घेऊन मीटिंगला येतात. त्यांनाही मी मनातल्या मनात हसते, ते वेगळं. पण दूध पितात आणि गप्प बसतात, हा त्यांचा गुण मान्य करायला हवा.

आपली माणसं गप्प बसत नाहीत. इथल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, श्रीखंडापर्यंत गाडी आली की दुधाचा विषय निघतोच. "इथल्या दुधाला काही चवच नाही." "नुसतं पांढरं पाणी हो." "साय म्हणून धरत नाही." मग प्रत्येकाला आपापल्या घरचं दूध आठवतं आणि सगळे डोळे मिटून हळहळतात. माझा नवरा यात सर्वांत पुढे. त्याचं सगळं बालपण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं. ज्या दुधासाठी तो हळहळतो ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून यायचं, दाराला अडकवलेल्या कापडी पिशवीत पडून राहायचं आणि कात्रीने कोपरा कापून पातेल्यात ओतलं जायचं. गाय त्याने पहिल्यांदा जवळून पाहिली ती शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा तो घाबरून बसमध्ये जाऊन बसला होता. हे मला त्याच्या आईनेच सांगितलंय.

मी हे सगळं हसण्यावारी नेलंही असतं. पण त्या वसंतात दुधावर फार काही अवलंबून होतं.

आम्ही घर घेतलं होतं. म्हणजे घ्यायच्या बेतात होतो. इथे घर घेणं हा एक आंधळा कारभार आहे. दुसरे किती देणार हे कोणी सांगत नाही, आपण आपला आकडा कळवायचा आणि देवावर हवाला ठेवून बसायचं. चार घरं अशी हातची गेल्यावर पाचवं आम्हाला मिळालं. नीउ-व्हेनेपमध्येच, कालव्याला पाठ करून उभं असलेलं, मागे टॉवेलाएवढी बाग. एजंटचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. करारावर दोघांच्या सह्या झाल्या. मात्र सही केल्यावरही थोडे दिवस कायदा इथे देतो, मन बदललं तर कारण न देता माघार घ्यायला. ते दिवस सुरू होते.

आणि नवऱ्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. जुन्याच साहेबाचं. त्याबद्दल तो "बघू" एवढंच म्हणायचा. मी घराबद्दल विचारलं तरी "बघू"च. बाकी वेळ दुधाबद्दल बोलायचा. इथलं दूध, इथला पाऊस, इथले टोमॅटो, इथला हुइसआर्ट्स, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, जो कशालाही पॅरासिटामॉलच देतो. या माणसाच्या मनात जे काही चाललंय ते दुधाच्या आडून बाहेर येतंय हे मला कळत होतं. म्हणून मी ठरवलं, याचा दुधाचा मुद्दाच काढून घ्यायचा. मग बघू काय उरतं ते.

"जपान कशाला? कुंभारांचं गाव इथेही आहे, आणि दूधही," मी म्हटलं. उत्तरेकडे फ्रीसलंडमध्ये मक्कुम नावाचं गाव आहे. मातीच्या भांड्यांसाठी आणि फरशांसाठी जुनं नाव असलेलं. काळ्यापांढऱ्या गायींचा तर तो मूळ मुलूखच. आपल्याकडे गोठ्यागोठ्यात जिला एचएफ गाय म्हणतात, तिचं हे माहेर. तिथे एक छोटंसं घर मी दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलं. नवरा चटकन तयार झाला. इतका चटकन की मला जरा आश्चर्य वाटलं, पण मी त्याचं श्रेय माझ्या हुशारीला दिलं.

शनिवारी सकाळी निघालो. समुद्रात घातलेल्या एका लांबलचक सरळ बांधावरून गाडी चालवताना तो चक्क गाणं गुणगुणत होता. फोटो काढायला थांबला. वाऱ्याने टोपी उडाली तरी चिडला नाही. एरवी इथल्या वाऱ्याला तो आईमाईवरून शिव्या देतो.

मक्कुम छोटं आहे, बंदराचं, नीटनेटकं. खिडक्याखिडक्यांत निळ्यापांढऱ्या ताटल्या, आणि त्या बघत फिरणारे आमच्यासारखे रिकामटेकडे. मुळात या देशाने ही निळाई चीन-जपानच्या भांड्यांवरून उचलली. ती परवडेना म्हणून नक्कल केली आणि मग ती नक्कलच इतकी डोक्यावर घेतली की आता जपानी पर्यटक ती विकत घेऊन जातात. यात लाजण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नाही. एका लहानशा कार्यशाळेत एक बाई चाकावर बसून वाडगे करत होत्या. नवऱ्याने एक वाडगा उचलला. काठ वाकडा, एका बाजूला झिलई ओघळलेली.

"बघ, हे परफेक्ट नाहीये, म्हणूनच ब्यूटिफुल आहे," तो म्हणाला. "जॅपनीज फिलॉसॉफीच आहे ही."

हाच माणूस ऑनलाइन मागवलेल्या डब्याला एक चरा दिसला तर तो परत पाठवतो. माझं माहेर बार्शीचं. आमच्याकडच्या कुंभाराने असला वाडगा गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी स्वतःच फोडला असता. मी तसं म्हटलं. तो हसला आणि असे दोन वाडगे बांधून घेतले.

गावाबाहेर एका गोठ्याच्या पडवीत दुधाचं यंत्र होतं. कोणी माणूस नाही. रिकामी काचेची बाटली ठेवायची, बटण दाबायचं, धार लागते. पलीकडे गायी रवंथ करत उभ्या होत्या आणि शेणाचा खरा, दणकट वास येत होता. पाटीवर लिहिलं होतं की हे कच्चं दूध आहे, प्यायच्या आधी उकळा. नवऱ्याने त्या पाटीचा फोटो काढून त्या ठाणेकर मित्राला पाठवला. मग किल्ली मला देऊन, बाटली छातीशी धरून गाडीत बसला, तान्हं मूल घेऊन बसावं तसा.

त्या भाड्याच्या घरी आल्यावर बाटली माझ्या हातात दिली. "तू तापवायला ठेव, मी जरा बाहेर बसतो. ऊन पडलंय ना छान."

तर मी दूध तापवायला ठेवलं. इंडक्शनची शेगडी, परक्याचं पातेलं, परक्याचं स्वयंपाकघर. आणि पातेल्यासमोर उभी राहिले. दूध तापताना बाईने दुसरं काही करायचं नसतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लग्न झाल्यावर पुण्यात होते ती दोन वर्षं मी रोज सकाळी अशीच उभी असायचे. आंघोळीला जायची घाई असो, बस चुकायची वेळ आलेली असो, आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "दुधाकडे लक्ष आहे ना गं?" त्या वाईट नव्हत्या. त्यांचीही पंचवीसेक वर्षं तशीच उभ्याने गेली होती. घरातल्या पुरुषांना साय आवडायची आणि ती कशी येते याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मी पुठ्ठ्याच्या खोक्यातलं दूध उघडलं आणि फ्रीजसमोर उभ्याउभ्याच थंड प्यायले. तापवलं नाही, राखण केली नाही, कोणाला काही विचारलं नाही. त्याला चव नव्हती हे खरं आहे. पण ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं दूध होतं. ज्या देशात दूध तापवावं लागत नाही त्या देशात मला म्हातारं व्हायचंय, हे मी तेव्हाच ठरवलं. हसायचं तर हसा. लोक यापेक्षा फालतू कारणांसाठी देश निवडतात.

दूध वर आलं, मी आच कमी केली, पुन्हा वर आलं, उतरवलं. गार होताना त्यावर पिवळसर, जाड साय धरली. वाडग्यांत ओतून मी बाहेर नेलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी वाडगा धरला, जपानी लोक धरत असतील तसा, आणि मोठा घोट घेतला.

"वा!" तो म्हणाला. पुन्हा घोट घेतला. साय बोटाने उचलून खाल्ली. मी पण प्यायले. दूध खरोखर उत्तम होतं. दाट, किंचित गोड, मागे गवताची चव राहणारं. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघत होते. मनात वाक्यं जुळवत होते, आता कर म्हणावं तक्रार, आता सांग याला पांढरं पाणी.

"खरंच गं," तो खुर्चीत मागे रेलत म्हणाला, "बरं झालं. जाता जाता एवढं छान दूध प्यायला मिळालं."

"जाता जाता म्हणजे?"

त्याने वाडग्यातला शेवटचा घोट घेतला. मग म्हणाला, "मी काल मेल केला एजंटला. आपण बॅकआउट करतोय असं. पुण्याला पण हो सांगितलंय. तुला इथे शांतपणे सांगायचं होतं."

सकाळपासूनचं गुणगुणणं, वाऱ्यावर न चिडणं, वाकड्या वाडग्याचं कौतुक, सगळं एका क्षणात उलगडलं. निघणाऱ्या पाहुण्याला सगळंच आवडतं. मी त्याला इथे मुक्कामाला राजी करायला आणलं होतं आणि तो निरोप घ्यायला आला होता.

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

"आपण दोघं. जॉइंट आहे ना अगं ते. मग तसंच लिहावं लागलं."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की त्यात लबाडी शोधूनही सापडली नसती. वर समजावणीच्या सुरात म्हणाला, "आईला आता होत नाही गं एकटीने सगळं. आणि तू तर तिकडे पण मस्त सेट होशील. तुला काय, दोन महिन्यांत सगळ्यांना नावं ठेवायला लागशील."

मला राग आला असं म्हणणं कमी आहे. ते कालव्याकाठचं घर मी मनात लावून टाकलं होतं. कोणत्या खिडकीत बसायचं तेही ठरलं होतं. घर गेलं त्याचं दुःख होतंच. पण हा माणूस माझ्या नावाने नकार कळवून आला होता आणि वर आनंदात दूध पीत होता, हे मला सोसेना.

"तू जा," मी म्हटलं. "मी येत नाहीये. मी इथेच राहणार."

तो हसला. त्याचा तरी काय दोष? गेली बारा वर्षं मी त्याच्याशी याच आवाजात बोलत आले होते. दुधावरून, टोपीवरून, त्याच्या आईवरून, सगळ्यावरून. त्याला वाटलं, हा आणखी एक टोमणा.

"झालं तुझं सुरू," तो म्हणाला आणि माझ्या वाडग्याकडे बोट दाखवलं. "साय खाणार नसशील तर दे इकडे."

मी वाडगा त्याच्याकडे सरकवला. "मी येत नाहीये. मी इथेच राहणार," मी पुन्हा म्हटलं, हळू, आवाज न चढवता, जसं आमच्यात कोणीच बोलत नसे. साय तोंडाशी नेलेला त्याचा हात तिथेच थांबला.