मण्यांवरचा निकाल

आमच्या अंजनगावच्या घरात इंग्रजी अक्षर असलेला कुठलाही कागद माझ्याकडे येतो. पानमळ्यात मारायच्या औषधाची चिठ्ठी असो की विजेची नोटीस, वहिनी तो एका पिशवीत जपून ठेवते आणि मी अमरावतीहून आले की हातपाय धुवायच्या आत पुढ्यात टाकते. मी वाचून सांगेन ते पक्कं. या मानाचा मला थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोलू.

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा घरात रक्तगट जुळला तो फक्त माझा. मी सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हटलं, माझी घ्या. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी दादाचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो असा, की माझ्या पेशींवर जी ओळख पटवणारी प्रथिनं आहेत, त्यांतल्या एकाविरुद्ध दादाच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत. म्हणजे माझी किडनी त्याच्या अंगात बसवली, तर त्याचंच रक्त तिच्यावर तुटून पडायचं.

"मॅडम, ही तपासणी प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर चिकटवलेल्या प्रथिनांवर होते," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या जिवंत पेशींवर एकदा करून बघू."

"गरज नाही," मी म्हटलं. "मी हाच विषय शिकवते."

शिकवते, यात खोटं नाही. तरुणपणीची चार वर्षं मी प्रयोगशाळेत याच प्रथिनांवर घालवली आहेत. त्यांच्या माथ्यावर एक खाच असते. त्या खाचेत दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाचा बारीकसा तुकडा बसलेला असतो, त्याला पेप्टाइड म्हणतात. तो जागेवर असला की प्रथिन आपला आकार धरून राहतं. तो निसटला की ते उसवतं, आत झाकलेला भाग उघडा पडतो आणि जिवंत पेशीकडे ढुंकूनही न पाहणारी प्रतिपिंडं त्याला येऊन चिकटतात. मण्यांवर अशी उसवलेली प्रथिनं थोडीफार असतातच. त्यांच्यापायी मी किती फसवे निकाल काढले आणि गाइडची किती बोलणी खाल्ली, त्याला गणती नाही. शिवाय दादाला तोवर कधी रक्त चढवलेलं नव्हतं. दुसऱ्या माणसाचं काहीच त्याच्या अंगात गेलं नव्हतं, मग माझ्याविरुद्ध प्रतिपिंडं आली कुठून? हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता.

तेव्हा मात्र मी गप्प बसले. कारण तो रिपोर्ट वाचताना मला हायसं वाटलं होतं. आठवडाभर आंघोळीच्या वेळी हात आपोआप कमरेवर जायचा, इथून कापतील, असं मनात यायचं. त्या कागदाने मला सोडवलं आणि मी त्याला उलटून एक प्रश्नही विचारला नाही.

"काय लिवलं हाय व बाई त्याच्यात?" वहिनीने विचारलं.

"नाही जमत. दादाचं रक्त माझी किडनी ठेवून घेणार नाही."

"झालं मंग," दादा म्हणाला. "बाई म्हनते नाही जमत, त नाही जमत." आणि तो पानांना पाणी द्यायला मळ्यात निघून गेला.

त्यानंतर अडीच वर्षं दादाचं हेच चाललं: आठवड्यातून दोनदा अकोटवरून अकोला, चार तास डायलिसिसच्या मशीनवर, की परत बस. मग गेल्या वर्षी एकदा वर्गात फळ्यावर ती खाच काढत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुकडा गळाला असेल तर रिपोर्ट खोटा येईल ना?" मी हो म्हटलं आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. तास अर्धवट सोडून मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

त्याच आठवड्यात मी अकोल्याला जाऊन तपासणीसाठी रक्त दिलं. जिवंत पेशींवरची तपासणी निर्मळ आली. दादाच्या रक्ताचं माझ्याशी काहीएक वैर नव्हतं. पण एव्हाना त्याचं हृदय कमजोर झालं होतं. एवढं मोठं ऑपरेशन आता झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मी 'गरज नाही' म्हटल्याचा त्यांनी उल्लेखसुद्धा केला नाही. त्यांनी तो केला असता तर बरं झालं असतं.

दादा मशीनवर असताना मी त्याला सगळं सांगितलं. मण्यांवर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. डबा भरून नेला होता, तो हातातच राहिला.

"हे तुले तवाच मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही बोलली?"

"भीती वाटली दादा. कापून घ्यायची."

मला वाटलं, आता चिडेल. चिडायला हवं होतं त्याने.

"भेव लागते म्हनली असती, त म्या काय तुले बांधून नेलं असतं?" तो म्हणाला. "नागपूरले किडनीसाठी नंबर लावला असता, मामाच्या पोराले इचारलं असतं. तू जमतच नाही म्हनली, मले वाटलं कोनाचीच जमनार नाही, म्हून म्या कोनालेच इचारलं नाही."