पुढच्या दाराला तीन कुलपं

मुकुटबन सोडलं त्या सकाळी मी घराला तीन कुलपं लावली. एक लहान, एक मोठं आणि तिसरं एवढं मोठं, की कंडक्टरनं पाहिलं असतं तर त्याचं अर्धं तिकीट फाडलं असतं. बायको शबाना लेकीला कडेवर घेऊन उभी होती. अब्बा अंगणातल्या खाटेवर बसून होते. खाट शेजारच्या बबनला द्यायची ठरली होती, पण अब्बा उठतील तर ना!

"सलीमभाई, आता तुया घरात मुंगीबी जात नाई," बबन म्हणाला. मी छाती फुगवली. अब्बा तेवढे छपराकडे बघत पुटपुटले, "ताले तो लगाया बेटा, ऊपर कौन चढेगा?"

एसटी हॉर्न वाजवत होती. मी पिशव्या उचलल्या.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघांनाही ठाऊक आहे की मी फवारणी पंपांचा मिस्त्री. माझी सायकल बांधावर दिसली की बंद पडलेलं इंजिन घाबरून आपोआप सुरू व्हायचं. पण कापसाचे दिवस वाईट आले. भाव पडला की माणूस आधी नवे कपडे पुढे ढकलतो, मग पंपाची दुरुस्ती. दुकानात पंप यायचे थांबले, गप्पा मारणारे तेवढे येत राहिले. गप्पा मी पहिल्यापासून फुकटच दुरुस्त करतो.

पुण्यात एका कारखान्यात लागलो. गावी कळवलं, चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खाली चकचकीत फरशी, गॅलरीतून अर्धं पुणं दिसतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. फ्लॅट माझा नव्हता, एवढंच सांगायचं राहून गेलं.

बिल्डिंगचा वॉचमन आपल्या दिग्रसचा. फ्लॅटचा मालक अमेरिकेत, तीन वर्षांत फिरकला नव्हता. वॉचमन म्हणाला, "राहा तुमी. फक्त रस्त्याकडची खिडकी उघडू नका." आम्ही दोन वर्षं राहिलो. शबाना कपडे न्हाणीत वाळवायची. अब्बा खोकला आला की तोंडावर उशी धरायचे. गावी ज्या लेकीचं हसणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, तिला आम्ही हळू हसायला शिकवलं.

अशात उन्हाळ्यातल्या एका दुपारी बबनचा फोन आला. "सलीमभाई, तुया घरात कोनी राहून राह्यलं! जंगलातल्या पोडावरचा, कोलामायच्या वस्तीवरचा लेतू. कापूस वेचाले आलता, बायको घेऊन घुसला. मले वाटलं वेचनी सरली का जाईन, तं अजून तिथंच! ये अन् पोलिसात दे!"

मी असा भडकलो की बहुतेक अमेरिकेत मालकाला ऐकू गेलं असेल. "माणसानं दुसऱ्याच्या घरात घुसावं? लाज नाही?" आणि हे मी ज्या गॅलरीत उभा राहून ओरडत होतो, ती गॅलरी कोणाची होती ते तुम्हाला ठाऊक आहेच. शबानानं मला बाही धरून आत ओढलं. "हळू बोला," एवढंच म्हणाली.

कारखान्यात सुट्टी टाकली, तक्रार लिहून खिशात घातली आणि निघालो. वणीपर्यंत मनात लेतूला सात वेळा जेलात टाकलं. मुकुटबनला उतरलो तर बबन स्टँडवर हजर. घरासमोर आलो आणि थबकलो. पुढच्या दाराला तीनही कुलपं तशीच लटकलेली.

किल्ल्या काढल्या. गंज असा चढलेला, की तिन्हींपैकी एकही कुलूप मला ओळखेना. एवढ्यात घराच्या बाजूनं आवाज आला, "भाऊ, मांगून या."

मागे गेलो. मागची भिंतच नव्हती. म्हणजे माझी नव्हती, नवी होती. मातीची, लिंपलेली, तिला बांबूच्या तट्ट्याचं दार. दारात लेतू उभा, हात जोडलेले. मालक असून मी वाकून, त्याच्या दारातून माझ्या घरात गेलो.

"कुलूप म्या नाई तोडलं, भाऊ," लेतू म्हणाला. "माकडायनं छपरावरचे कवेलू हालवले. दोन पावसाळे पानी भितीत मुरलं. भित पडली. आमी आलो तं आत शेवाळ होतं. भित बांधली, कवेलू फेरले."

आपल्याकडे मृगाआधी माणूस घरावर चढतो, एकेक कवेलू काढून पालापाचोळा झाडतो, फुटकं बदलतो, परत बसवतो. हे कवेलू फेरणं ज्याला कळत नाही तो विदर्भात जन्मलाच नाही. आणि मी, जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करणारा, चोर येईल म्हणून तीन कुलपं लावून गेलो; पाऊस येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. गल्लीतली आणखी दोन कुलूपबंद घरं बघितली. एकाची नुसती चौकट उभी होती, दुसऱ्यात एरंड उगवला होता.

आडव्या लाकडाला झोळी बांधलेली होती, आत तान्ही मुलगी. लेतूची बायको मीराबाई झोळीपाशीच उभी राहिली, हललीच नाही. "इथंच झाली ही," ती म्हणाली. "काडाचं असंन तं पाऊस जाऊ द्या, दादा. पोडावरचं झोपडं गेलं."

"कायले पाऊस जाऊ द्याचा?" बबन तापला. "घर याचं हाय!"

"त्यायचंच हाय," लेतू शांतपणे म्हणाला. "आमी कधी आमचं म्हनलं?" मग माझ्याकडे वळला. "तुमचं पुन्यात मोठं घर झालं म्हन्ते?"

आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

रिकाम्या घरात घुसणं गुन्हा असावा का? कोणी चार दिवस दवाखान्यात गेलं आणि मागे त्याचं घर बळकावलं, तर खुशाल बेड्या घाला. जा म्हटल्यावर जो जात नाही, त्यालाही. पण सोडून दिलेलं घर ज्यानं उभं ठेवलं, त्याला चोर म्हणायच्या आधी कायद्यानं एकदा वर बघावं. आणि मालकाला विचारावं, बाबा, तू कुठे होतास?

तक्रारीच्या कागदाच्या पाठीमागे मी लिहून दिलं: लेतूनं राहावं, दर वर्षी कवेलू फेरावे, घर हवं असलं तर मी एक हंगाम आधी सांगेन. बबननं साक्षीदार म्हणून सही केली. "पुन्याचं पानी डोक्यात गेलं तुया," म्हणाला.

गेलं असेल. कारण पुण्याला येऊन मी वॉचमनचे पाय धरले, त्याचं नाव कुठे येणार नाही असं वचन देऊन मालकाचा नंबर मिळवला आणि अमेरिकेत फोन लावला. सगळं सांगितलं. मालकानं आधी माझं नाव तीनदा विचारलं. मग म्हणाला, "आठ दिवसांत खाली करा." आणि फोन ठेवता ठेवता, "न्हाणीतला नळ अजून गळतो का?"

"नाही साहेब, पहिल्याच दिवशी दुरुस्त केला."

"मग महिनाभर घ्या."

आता भाड्याची एकच खोली आहे. गॅलरी नाही, पण खिडकी रस्त्याकडे उघडते आणि अब्बा मनसोक्त खोकतात. लेकीच्या हसण्यावर शेजारीण दोनदा भांडून गेली. शबानानं तिला चहा पाजला.

वर्षातून एकदा मुकुटबनला जातो. मागच्या खेपेला एसटीत कंडक्टर नवा होता. "काका, मुकुटबनले कोनाच्या घरी?" त्यानं विचारलं.

"लेतूच्या," मी म्हणालो.

माझ्या आजवरच्या बोलण्यात एवढं खरं वाक्य दुसरं सापडणार नाही.