उपडा हौद

कोपऱ्यावरच्या दगडी हौदाखाली सोन्याचा हंडा आहे आणि शिंपीणबाईला तो ठाऊक आहे, ही बातमी गल्लीभर झाली तरी शिंपीणबाईच्या कानावर काही आली नव्हती. लोकांचं तरी काय चुकलं म्हणा! नाहीतर चार पोती घेऊन भर उन्हात त्या हौदाकडे कोण जाईल?

हौद जुना, घोड्यांना पाणी पाजायचा. घोडे गेले, मोटारी आल्या, हौदात कचरा साठला. रस्ता नवा व्हायचा म्हणून मुकादम तो फोडायला निघाला, तेव्हा बाई हात धुऊन त्याच्या मागे लागली. "फोडता कशाला? बूड वर करा, आयता बाक होईल."

"आणि उलटताना तडकला तर?"

"मग खुशाल फोडा. मी ब्र काढणार नाही."

बाईचं दुखणं वेगळंच होतं. शिवणाच्या खोलीत, मशीनला खेटून, सासूबाई सकाळपासून ठाण मांडून बसायच्या. मापं द्यायला कुणी आली की म्हणायच्या, "एवढी कंबर? मागच्या खेपेला माणसांत होतीस की गं!" गिऱ्हाईक फणकाऱ्यानं चालतं व्हायचं. त्यांना बाहेर धाडावं, तर गुडघे जेमतेम कोपऱ्यापर्यंत साथ द्यायचे आणि तिथं टेकायला जागा नव्हती.

बाईनं स्वतः शेवाळ खरवडून, घासून हौद लख्ख केला. उलटायच्या दिवशी ही गर्दी! दूधवाल्या मावशी तर रिकामी पिशवी घेऊन हजर.

"मावशी, पिशवी कशाला?" बाईनं विचारलं.

"सहज. भाजीला निघाले होते."

"भाजीवाला त्या टोकाला बसतो."

बाईनं दगड पडायच्या जागी पोती अंथरली. एकाचं तोंड सुटलं, आतून कापडाचे तुकडे बाहेर आले.

"चिंध्या?" मावशींचा चेहरा पडला.

"मग काय गाद्या आणू? दगड आपटायला नको, म्हणून."

पहारी लागल्या. हौद कडेवर उभा राहिला, क्षणभर तसाच तोलला. बाईनं डोळे गच्च मिटले. धप्प! मुकादमानं वाकून चारी बाजू चाचपल्या, हातोडीनं हलकेच ठोकून पाहिलं.

"अख्खा आहे, बाई. सोडा आता श्वास."

बाई हसली, मग उगाच डोळे पुसू लागली. हौद उचलला त्या जागी गांडुळं निघाली. पिशवीवाले पांगले. मुकादमाच्या गड्यांनी पहारीनं हौदाची कड जरा उचलून पोती ओढून घेतली.

संध्याकाळी सुनेचा हात धरून सासूबाई आल्या, बसल्या, दगडावरून हात फिरवला. "गार आहे," म्हणाल्या, आणि लगेच समोरून जाणाऱ्याला हटकलं, "अरे, चपला काय फरपटतोस? पाय उचल!"

बाई घरी परतली. एक गिऱ्हाईक दारात उभं होतं. तिनं टेप काढला, कंबर मोजली. खोलीत कुणी काही बोललं नाही.

हौदाखाली सोनं नव्हतं. शिंपीणबाईला संध्याकाळचे दोन तास सासूबाईंपासून सुटका हवी होती.