जीप पळतानाच का तापायची

"हेड खोलावं लागतंय," माझा पार्टनर सलीमभाई म्हणाला. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते उतरवलं की गाडी आठवडाभर अडकली.

माजलगावात आमचं गॅरेज आहे. जीप जनावरांच्या डॉक्टर असलेल्या कदम मॅडमची. वस्त्यांवर शेळ्यांना लस टोचत त्या फिरायच्या. रस्त्यात इंजिन तापायचं, जीप उभी राहायची आणि डब्यातला बर्फ वितळून लस वाया जायची.

"आधी मला कळू द्या, तापतंय कावून," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक सांगा. मी वाचते."

गाड्यांचे शौकीन माझ्याकडं पुस्तकं मागतात, पण त्यांना रेसच्या गाड्यांचे फोटो हवे असतात. मॅडमना मी दोन पुस्तकं दिली. एक आयटीआयच्या पोरांचं, मराठीतलं. इंजिनात डिझेल, तेल, पाणी कसं फिरतं ते साध्या आकृत्यांत. दुसरं त्याच जीपचं वर्कशॉप मॅन्युअल, म्हणजे कंपनी मेकॅनिकसाठी काढते ते.

"लई जाड हाय हे," मॅडम म्हणाल्या.

"सगळं वाचू नका. कूलिंगचा धडा वाचा."

पुढच्या बाजाराला त्या परत आल्या. मॅन्युअलच्या पानांना खुणा घातलेल्या.

"उभी असताना तापत न्हाई, पळताना तापते. पळताना वारा आपोआप लागतो. मग फॅनचा दोष कसा? पाणीच कमी फिरत असंल."

"रेडिएटर साफ केला, पाणी सोडणारा थर्मोस्टॅट बदलला," सलीमभाई म्हणाला. "पाणी फिरतंय, मॅडम. मी बघितलंय."

"गाडी रेस करून बघितलं का?"

"नाही, रेस न देताच बघितलं," सलीमभाई म्हणाला. मी म्हणालो, "बसा मॅडम. द्या रेस."

मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. रेडिएटरमधून पंपाकडं जाणारा खालचा रबरी पाइप रेस वाढताच चपटा झाला. रेस सोडली की पुन्हा गोल. पंप जोरात पाणी ओढतो, तेव्हा पाइप दबू नये म्हणून आत स्प्रिंग असते. ती गंजून संपली होती.

"हेड राहू द्या," सलीमभाई म्हणाला आणि स्वतःच पाइप आणायला गेला.

नवा पाइप बसवून आम्ही सिरसाळ्यापर्यंत जीप दामटली. मॅडम स्टेअरिंगवर, माझी नजर तापमानाच्या काट्यावर. काटा मधोमध थांबला, तो हललाच नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम लस घेऊन वस्त्यांवर गेल्या.

आता कुणी विचारलं, तर सांगतो. पहिलं पुस्तक स्वतःच्या गाडीचं घ्या. फोटो कमी असतात, पण गाडी तुमच्याच दारात उभी असते.