लोकरीच्या टोप्या

चेन्नईत नोकरी लागल्यावर मला समाजकार्याची हुक्की आली. कॅन्सर झालेल्या मुलांना घेऊन गावोगावहून येणाऱ्या कुटुंबांना एक संस्था वेस्ट मांबलममध्ये फुकट राहायला जागा द्यायची. औषधांनी मुलांचे केस जातात, एवढंच मला ठाऊक होतं. मी लगेच नाशिकला आईला कामाला लावलं. तिने भिशीतल्या बायकांना घेऊन लोकरीच्या टोप्या विणल्या आणि मी त्या ऐन मे महिन्यात, घामाने निथळत, तिथे नेऊन दिल्या. काय हवंय, हे आधी विचारायचं मला सुचलंच नाही. एका मुलीने माझं मन राखायला टोपी घातली आणि माझे फोटो काढून होईपर्यंत काढली नाही.

पुढच्या महिन्यात गेले, तेव्हा तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात त्याच मुलीची आई दोन्ही हातांत टोप्या घालून गॅसवरून सांबाराचं पातेलं उतरवत होती. मला पाहून ती ओशाळली. मग तिने मला तेच सांबार भातावर वाढलं आणि मी पोटभर जेवले.

संध्याकाळी आईचा फोन आला. “टोप्या वापरतात का गं?”

मी म्हटलं, “रोज. दोन्ही वेळेला.”