कबुलीचा अर्ज

कोर्टाच्या भिंतीला टेकून टायपिस्टबाईंचं टेबल गेली बावीस वर्षं आहे. न्यायाधीश बदलले, वकील आले नि गेले, बाई तिथल्या तिथे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते कागदावर उमटलेलं असायचं. खाडाखोड शोधून दाखवा! आणि तोंडही तसंच चालू. "दादा, रडा खुशाल, पण कागदावर नको," असं त्या कुणालाही सुनावायच्या.

किरकोळ केसवाल्यांसाठी त्यांच्याकडे एक ठरलेला अर्ज होता. गुन्हा मला मान्य आहे, पुन्हा असे होणार नाही, कमीत कमी शिक्षा व्हावी. नाव आणि कलम तेवढं भरायचं. त्या आवारात सगळे हेच करत. तारखांमागे तारखा, कोण पुरा पडणार? कबूल करा, दंड भरा, जेवायला घरी. लोक बाईंना दुवा देत जात, आणि बाईंना वाटे, वकिलांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं.

नऊ वर्षांपूर्वी ही वेळ त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावावर आली. तो बस डेपोत ड्रायव्हर. बाजाराच्या स्टँडवरून संध्याकाळी घाईत सायकल काढली ती दुसऱ्याची. तीही काळी, तसलीच. त्या हलक्या कुलपांना काय, कुणाचीही किल्ली लागते. त्याची स्वतःची सायकल चार हातांवर तशीच उभी. सकाळी त्याच्या लक्षात यायच्या आत पोलीस दारात!

ताईनं चार मिनिटांत अर्ज टाइप करून पुढे ठेवला, त्यानं सही केली, दंड भरला आणि दुपारी सुटलाही. मग तीन महिन्यांनी डेपोनं कागद मागवले. चोरीची शिक्षा झालेला माणूस नोकरीत चालत नाही म्हणाले. तेव्हापासून तो गोदामात खोकी उचलतो. त्याची बायको बाईंशी आजतागायत धड बोललेली नाही. "डेपोवाले कागद मागतील असं मला काय स्वप्न पडलं होतं?" बाई म्हणत. पण अलीकडे म्हणताना आवाज चढत नसे.

शेवटी सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विद्यापीठात कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. आवारात हसं झालं. "म्हातारपणी बाराखडी," वकिलांचे कारकून म्हणाले. बाईंनी कुणाला दाद दिली नाही. भावाला मात्र सांगितलं, "तुझ्या नावावरचा डाग पुसून काढते की नाही बघच." तो दर गुरुवारी गोदामातून सुटला की वर्गाच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा आणि विचारायचा, "आज काय शिकलीस?"

त्या गुरुवारी फौजदारी कायद्याची मूलतत्त्वं सुरू झाली. शिकवणाऱ्या प्राध्यापिका बाईंच्या भाचीच्या वयाच्या. "नुसतं कृत्य पुरत नाही," त्या म्हणाल्या, "मनात लबाडी असावी लागते. समजा, कुणाची छत्री तुम्ही आपलीच समजून नेलीत. चोरी झाली का?"

"नाही!" सगळा वर्ग ओरडला.

इतकं सोपं! कालची पोरं ओरडून सांगत होती. बाईंना आनंदच झाला आधी, खोटं कशाला बोला. सापडलं म्हणून त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"पण मॅडम, त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला असेल तर?"

"मग संपलंच. स्वतः कबूल केल्यावर वरच्या कोर्टात दाद मागायला जागाच उरत नाही म्हणा ना. त्यातून वर्षं लोटली असली तर कोण ऐकणार?" प्राध्यापिका हसल्या. "पण तो कबूल करेल कशाला? असा सल्ला देणारा दीडशहाणा कोण भेटला त्याला?"

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. मग खाली बसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! दहा पावलांवर वकील बसत होते, एकाला विचारलं असतं तर जीभ झडली असती का? पण नाही. मला कळतं ना सगळं! स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं, आणि त्यानंही काही भागणार नव्हतं.

भाऊ पायऱ्यांवर होता. "आज काय शिकलीस?"

काहीतरी थाप मारावी असं मनात येऊन गेलं. पण नऊ वर्षं बिचाऱ्यानं वाट पाहिली होती. बाईंनी चालता चालता सगळं सांगितलं. छत्रीचं, लबाडीचं, आणि आता काही होणार नाही हेही.

तो रस्त्यातच थांबला.

"म्हणजे कायद्यानं मी चोर नव्हतोच?"

"नव्हतास रे. चुकून नेलेली वस्तू चोरीची होत नाही."

"अगं ताई, हे मी तुला तेव्हाच सांगत होतो," तो म्हणाला. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखा. "तुझ्या टेबलाशी उभा राहून तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस, टायपिंग चुकेल."